एसयू एचएस२ : मिश्रणाच्या नटाला शेवटी हात

गाडी अ‍ॅम्बॅसेडर, इंजिन १४८९ सीसी, कार्बोरेटर एसयूचा एचएस२. तक्रारी तीन: गरम झाली की स्लो (उभ्या गाडीची मंद रेस) टिकत नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी अडखळते आणि मग उचलते, उभ्या गाडीला पेट्रोलचा वास येतो. बहुतेक गॅरेजांत अशा वेळी पाना थेट जेटच्या, म्हणजे पेट्रोल येतं त्या नळीच्या, नटाला लागतो; मिश्रण त्यानेच जमवतात. पण स्पिंडल, म्हणजे थ्रॉटलच्या बटरफ्लायची दांडी, हवा चोरत असेल किंवा सुई जेटला घासत असेल, तर आज जमवलेलं मिश्रण परवा बिघडणारच. म्हणून नट सगळ्यात शेवटी.

कार्बोरेटर खोलण्याआधी टॅपेटची फट ०.०१५ इंच, डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटचा गॅप ०.०१५, प्लगचा ०.०२५. पॉइंट जळलेले निघाले. अर्धं अडखळणं तिथेच गेलं.

स्पिंडलची गळती शोधायला स्प्रे मारू नका. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कार्बोरेटरच्या अगदी खाली असतो आणि तापलेल्या लोखंडावर क्लीनर पडला तर भडका उडतो. त्याऐवजी स्पिंडलच्या दोन्ही टोकांना जाड ग्रीस फासायचं आणि स्लो ऐकायचा. इथे ग्रीस लावताच इंजिनाचा आवाज एकसारखा झाला, म्हणजे गळती तिथेच. स्पिंडल बाहेर काढल्यावर बुशच्या जागी बोटाला कडा लागत होती. नवा स्पिंडल आणि पितळी बुश बसवले. दोन्ही बुश आधी दाबून बसवायचे आणि मग एकाच फेरीत आरपार रीमर चालवायचा, हे लेथवाल्याला आधीच सांगावं. वेगवेगळे रीम केले तर रेषा चुकते आणि स्पिंडल अडकतो. हँड ड्रिलने हे काम होत नाही.

बटरफ्लायच्या चकतीची कड तिरपी घासलेली असते, त्यामुळे ती उलटी बसली तर नीट बंद होत नाही. काढण्याआधी खूण करा. बसवताना स्क्रू सैल ठेवून थ्रॉटल पूर्ण बंद करायचा, चकती आपोआप मधोमध येते, मग आवळायचं. स्क्रूची चिरलेली टोकं फाकवायला विसरलात तर तो स्क्रू एक दिवस सिलिंडरमध्ये सापडेल.

डॅशपॉट (कार्बोरेटरवरची टोपी) आणि तिच्या आत वर-खाली होणारा, सुई धरणारा पिस्टन ही जोडी असते. दुसऱ्या कार्बोरेटरचा डॅशपॉट लावू नये, आत एमरी पेपर तर अजिबात चालवू नये. फक्त थिनर आणि मऊ फडकं. नंतर पडण्याची चाचणी: पिस्टनची भोकं बोटाने बंद करून जोडी उलटी धरायची आणि डॅशपॉट किती वेळात खाली सरकतो ते मोजायचं. या मापाच्या कार्बोरेटरला ३ ते ५ सेकंद हवेत. धुण्याआधी ८ लागत होते, धुतल्यावर ४. तेलाचा थेंब फक्त मधल्या दांड्याला. कडेला तेल लागलं की धूळ चिकटते आणि पिस्टन अडखळतो. (थिनरचं काम चालू कूलरपासून दूर करा. मोटरची एखादी ठिणगी पुरते.)

सुईचा खांदा पिस्टनच्या तळाशी एका पातळीत बसवला. आता जेटची बैठक. जेट वर चढवायचा, खालचा लॉकनट सैल करायचा, पिस्टन हाताने सोडायचा. तो ब्रिजवर, म्हणजे जेटभोवतीच्या सपाट पट्टीवर, आपटून ‘टक’ असा कोरडा आवाज यायला हवा. आवाज दबका आला तर सुई जेटला घासते आहे. जेट किंचित सरकवत, पुन्हा सोडत, टक ऐकू आला की लॉकनट आवळायचा. नंतर जेट पूर्ण खाली करून तीच चाचणी. दोन्ही आवाज सारखे हवेत. इथे तास गेला आणि तो तास वाचवण्यात अर्थ नाही.

वास येत होता फ्लोट चेंबरमुळे. तळाशी चुन्यासारखी पांढरी पूड साचली होती. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, पावसाळाभर गाडी उभी राहिली की ते तळाशी बसतं आणि मिश्रधातू खातं. निडल व्हॉल्व्ह व्हिटॉन (इथेनॉल सोसणारं रबर) टोकाचा घेतला. झाकण उलटं धरल्यावर फ्लोट आणि झाकण यांच्यात १/८ इंचाचा ड्रिल बिट सरकला पाहिजे. पातळी चढली की ओव्हरफ्लो होतो. जेटची नायलॉन नळी ग्लँडच्या पुढे ३/१६ इंच तरी निघालेली असावी, नाहीतर तिथून गळतं. जुने रबरी पाइप काढून इथेनॉल सोसणारे ३०आर९ दर्जाचे लावले. नागपूरच्या इतवारी बाजारात रबरी पाइप मीटरने मिळतो, पण छाप वाचल्याशिवाय घेऊ नका.

आता नट. जेट ब्रिजच्या पातळीत आणून तिथून १२ फ्लॅट (नटाच्या सहा सपाट बाजूंपैकी एक म्हणजे एक फ्लॅट), म्हणजे दोन फेरे खाली. डॅशपॉटच्या वरच्या डँपरमध्ये एसएई २० तेल, झाकणाला साधारण पाव इंच राहिलं असताना रोध जाणवेल इतकं. पातळ तेलाने पिकअपला अडखळणं येतं, जाडाने गाडी सुस्त होते. इंजिन गरम करून कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम १/३२ इंच उचलायचा: रेस वाढून वाढलेलीच राहिली तर मिश्रण जाड (पेट्रोल जास्त), इंजिन बंद पडू लागलं तर पातळ (पेट्रोल कमी), क्षणभर वाढून पुन्हा बसली तर बरोबर. ई२०ला (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, म्हणून जुन्या सेटिंगवर गाडी पातळ चालते. इथे आणखी २ फ्लॅट खाली घ्यावे लागले.

पण नट स्लोवर जास्त बोलतो, वरच्या रेसवर कमी. स्लो जमला म्हणजे चढ जमला असं नाही. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन तिथेच इंजिन बंद केलं आणि प्लग काढला. टोक अजून पांढुरकं आहे, म्हणजे वरच्या रेसवर मिश्रण पातळच. मूळ सुईपेक्षा एक पायरी बारीक, म्हणजे जास्त पेट्रोल सोडणारी सुई लागणार.

राहिलं गरम सुरू होणं. पंचेचाळीस अंशांत गाडी दहा मिनिटं उभी राहिली की खालच्या मॅनिफोल्डने फ्लोट चेंबर उकळतो. चोक न ओढता अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबून सेल्फ मारला की सुरू होते. गाडीतल्या इंधनाच्या पंपावर ओलं फडकं टाकणारे भरपूर आहेत, पण त्याने चेंबरमधलं पेट्रोल थंड होत नाही. इनलेट मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये उष्णतारोधक ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लागेल. ब्लॉक आला, पत्रा कापायचाय. ब्लॉकच्या जाडीइतके स्टड लांब लागतात, हे मोजूनच ठेवलं आहे. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागण्याआधी बसवायचं.