माह्या पोराचा इश्वास कमी पडला का?

रविवार, रात्र

सभा सुटल्यावर मावशींनी मला ओसरीवर थांबवलं आणि विचारलं, "माह्या पोराचा इश्वास कमी पडला का वं बाई?"

बाहेरगावच्या प्रचारकांनी आज बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय घेतला होता. विश्वास धरणाऱ्यांबरोबर चिन्हं जातील: ते भुतं काढतील, नव्या भाषा बोलतील, साप उचलतील, विष प्याले तरी बाधणार नाही, त्यांनी हात ठेवले की दुखणाईत बरे होतील. पुढे ते म्हणाले, ज्याच्या आयुष्यात चिन्ह नाही त्याने आपला विश्वास तपासावा. मावशी समोरच सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांचा मुलगा मण्यार चावून गेला, हे आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे.

तुरीत रानडुकरं शिरतात म्हणून तो जागलीला गेला होता, पोतं टाकून भुईवर झोपला. मण्यार चावल्याचं बहुतेक वेळा कळतही नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे घरी येऊन पोट दुखतं म्हणाला, ओवा दिला. मग पापण्या उघडेनात, जीभ जड झाली. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेलं तोवर श्वास अडकत आला होता. विषावरचं इंजेक्शन आणि श्वासाचं यंत्र वेळेवर मिळालं तर अशी माणसं वाचतात. यात विश्वासाचा हिशेब कुठून आला? मला राग आलाय आणि तो अजून उतरलेला नाही.

घरी आल्यावर बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये, अठ्ठाविसावा अध्याय काढला. माल्टा बेटावर प्रभूचा प्रेषित पौल शेकोटीत काटक्या टाकतो आणि त्यातून निघालेला साप त्याच्या हाताला डसतो. आपल्याकडे पऱ्हाट्यांच्या ढिगात हात घालताना हेच भय असतं. बेटावरचे लोक आधी म्हणतात, हा नक्की खुनी असणार. तो मरत नाही असं दिसल्यावर म्हणतात, हा देव आहे. दोन्ही वेळा ते चुकले. साप चावला यावरून माणसाचं पाप वाचायचं नाही आणि वाचला यावरून त्याची थोरवीही नाही. शिवाय पौल साप शोधायला गेला नव्हता. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असं सैतान म्हणाला तेव्हा प्रभूने देवाची परीक्षा पाहायला साफ नकार दिला होता.

मार्काचा हा शेवटचा भाग सिनाई आणि व्हॅटिकन या बायबलच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाही. तेवढ्यावरून मी तो टाकून देणार नाही. देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या आध्यात्मिक जागृतीच्या काळात मुली अनोळखी भाषांत प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंनी ते देवाचं दान मानलं, पण प्रत्येकाला हेच चिन्ह मिळालं पाहिजे असं म्हटलं नाही. चिन्हं वाटेत भेटतात, देवाच्या मर्जीने. ती मागून कोणाची पारख करायची नसते.

विषाचं वचन तर आपल्या भागात फार जपून वाचायला हवं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी, शेतमजूर गेले. घराघरांत कीटकनाशकाचे डबे असतात, आणि कर्जाने खचलेली माणसंही असतात. तिथे "बाधणार नाही" एवढंच सांगून उठून जाणं मला सहन होत नाही.

मावशींना मी त्रफिमाबद्दल सांगितलं. पौलाचा सोबती; आजारी पडला म्हणून पौलाने त्याला मिलेतात ठेवलं आणि तसं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पत्रातून कळवलं. ज्याच्या हाताने माल्टावर कितीतरी जण बरे झाले, त्याच पौलाचा हा माणूस. त्याचा विश्वास कमी होता, असा एक शब्द पौलाने लिहिलेला नाही.

"मंग तो बरा झाला का?" मावशींनी विचारलं.

पत्रात ते नाही, असं मी सांगितलं. त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

प्रचारक बुधवारपर्यंत गावात आहेत. उद्या पाळकसाहेबांना भेटून सांगणार आहे, प्रचारकांना मावशींच्या घरी घेऊन या. आधी मावशींचं ऐकून घ्या, प्रार्थना नंतर करा.