उत्तर भिंत: लोणा परत फुटला, आणि वाफ्याखाली गटार सापडलं

दिवाळी संपली, हवा कोरडी झाली आणि वडोदऱ्यातल्या आपल्या जुन्या वाड्याच्या उत्तर भिंतीवर लोणा (ओलीबरोबर विटांतून बाहेर येणारं मीठ) परत फुटला. मागच्या पोस्टमध्ये ज्या चुन्याच्या गिलाव्याचे फोटो टाकले होते, त्याच्यावरच. जोत्यापासून साधारण तीन फुटांपर्यंत पांढरी लव, हात लावला की पीठ गळतंय, आणि खिडकीच्या खाली पोपडे सुटायला लागलेत. कडियाभाई (आपले गवंडी) बघून गेले, काहीच बोलले नाहीत, नुसतं बोटाने खरवडून जिभेला लावलं आणि म्हणाले "खारा". पण त्यानंतर जे झालं त्यामुळे मी आज खुशीत लिहितेय, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

आधी गिलाव्याबद्दल, कारण पहिला संशय त्याच्यावरच गेला. ऐंशीच्या दशकात कोणीतरी मारलेलं सिमेंट आपण विटा दिसेपर्यंत काढलं होतं, सांधे मोकळे करून भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली होती, मग चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) गिलावा केला. चुना राजस्थानातून गोटणकडून आणलेला कळीचा, हौदात विरवून मुरवलेला, मळताना गुळाचं पाणी, मेथी आणि बेलफळाचा चिकट रस. पाणी मारायला नळाचंच पाणी वापरलं, गोणपाट लावून. काही जणांनी विचारलं होतं की हार्डवेअरच्या दुकानातला पिशवीतला तयार चुना का नाही घेत, तर माझं मत स्पष्ट आहे, ती पिशवी कधीची भरलेली आहे ते कळत नाही आणि हवा लागलेला चुना आतल्या आत दगड व्हायला लागलेला असतो, मग तो विटेला काय धरणार. आपला गिलावा आजही ठोकला तर खणखणीत वाजतो, पोपडे सुटलेत ते फक्त वरच्या पातळ थराचे. म्हणजे गिलावा त्याचं काम करतोय, आतलं पाणी बाहेर सोडतोय आणि पाणी उडालं की मीठ पृष्ठभागावर राहतंय. प्रश्न एवढाच होता की पाणी येतंय कुठून.

ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचं उत्तर तयार होतं, ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्री नदीचा पूर. आता वडोदऱ्यात कुठलीही ओल दाखवा, लोक पुराचंच नाव घेतात, पण आपल्या चौकात पुराचं पाणी आलंच नव्हतं आणि त्याच्या आधीच्या फोटोंमध्येही हीच भिंत डागाळलेली दिसते. नानासाहेबांचं म्हणणं पडलं की वॉटरप्रूफिंगचा कोट मारा किंवा तीन फूट टाइल्स लावून टाका, दिसायलाही स्वच्छ. त्यांची कळकळ खरी आहे, दरवर्षी पैसे उभे करताना त्यांचाच जीव जातो, पण या गोष्टीवर मी अडून बसले. भिंतीचा खालचा भाग बंद केला की पाणी थांबत नाही, वर चढतं, आणि वर आपला वेलबुट्टीचा रंगीत पट्टा आहे. इथल्याच तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं ज्यांनी बघितली आहेत त्यांना चुन्यावरचा रंग काय चीज असते ते माहितीच आहे. तो वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे माणसं आहेत, खातं आहे. आपला पट्टा छोटा, पण त्याला वाली आपणच. शेवटी मला पुढच्या मीटिंगपर्यंत मुदत मिळाली.

मग मोजमाप. दोन खिळ्यांचं ते मॉइश्चर मीटर ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्यांना सांगते, लोणा लागलेल्या भिंतीवर त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. ते विजेचा प्रवाह मोजतं आणि मीठ असलं की प्रवाह वाढतो, त्यामुळे जरा दमट भिंतसुद्धा निथळत असल्यासारखी दाखवतं. आमच्या लॅबवाल्या काकांनी (आयुष्यभर केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम केलंय) जुनी पद्धत काढली. भिंतीत हळू ड्रिल मारायचं, विटेची भुकटी डबीत बंद करायची, वजन करायचं, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवायची आणि परत वजन. जोत्याजवळ १३ टक्के, तीन फुटांवर ७, सहा फुटांवर जेमतेम २. वरून गळत असतं तर हे उलटं आलं असतं, म्हणजे गच्ची संशयातून सुटली. त्याच उंचीवर भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूची भुकटी वेगळी घेतली तर बाहेरची जास्त ओली. उरलेली भुकटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून, गाळून त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला, पाणी लगेच दुधाळ. क्लोराइड, म्हणजे मीठ, भरपूर.

बाहेरच्या बाजूला नळ नाही, ड्रेनेज नाही. बाहेर आहे तो मोगऱ्याचा वाफा.

इथे बागवाल्या गटाशी थोडं वाजलं, ते लपवण्यात अर्थ नाही. मोगरा माईंनी वाढवलेला, उन्हाळ्यात त्याचाच गजरा देवघरात जातो, आणि आम्ही कुदळ घेऊन उभे. माईंनी शेवटी एका खणाएवढी जागा दिली, खिडकीखालची, तिथली झुडपं मुळांच्या मातीसकट कुंड्यांत हलवून. दरवर्षी शेणखत, पालापाचोळा पडून माती इतकी वर आली होती की जोत्याचा वरचा दगडसुद्धा तिच्याखाली गेला होता, म्हणजे ओली माती थेट विटांना टेकलेली. सव्वा फूट खाली गेलो आणि कुदळ दगडावर वाजली. फरसबंदी! भिंतीपासून बाहेरच्या बाजूला व्यवस्थित उतार दिलेली, आणि तिच्या कडेला घडीव दगडाचं उघडं गटार, वीतभर रुंद. माती आणि मुळांनी ठासून भरलेलं. कडियाभाई तिथेच उकिडवे बसले आणि हाताने माती काढायला लागले, माई पण. गटार कुठे जातंय ते बघत बघत संध्याकाळपर्यंत आम्ही विहिरीच्या कट्ट्यापाशी पोचलो. शेवटची मुळं ओढून काढली, वरच्या टोकाला बादली ओतली आणि सगळे विहिरीत डोकावून उभे राहिलो, आणि पाणी खाली पडल्याचा आवाज आला. नानासाहेब तेव्हा तिथेच होते, त्यांनी अजून एक बादली ओतायला लावली, नुसतं परत ऐकायला.

मला वाटतं हे आजवा तलावाचं पाणी शहरात यायच्या आधीचं काम असावं. १८९० च्या दशकात ते पाणी आलं, त्याआधी वाड्याचा सगळा संसार विहिरीवर, तेव्हा आवारातला पाऊस कोण वाया घालवेल? आणि बागेचा मूळ आराखडाही यातून दिसतो, भिंतीलगत दगड, झाडं लांब. लक्ष्मीविलास राजवाड्याची बाग विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानरचनाकाराने आखली, तिथे ऐसपैस हिरवळ शोभते, पण वाड्याच्या परसात भिंतीला चिकटून हिरवाई हवी हा हट्ट मला आता पटत नाही.

बादली ओतताना आणखी एक गोष्ट डोक्यात आली. ती बादली विहिरीच्या पाण्याची होती, आणि वाफ्याचं ड्रिपसुद्धा विहिरीवरच आहे. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घालून बघितलं तर विहिरीचं लिटरला १६५० मिलिग्रॅम, नळाचं ३०० च्या आत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, मोगराही ते सहन करतो, पण भिंत काय करणार? रोजच्या ड्रिपमधलं पाणी उडून जातं आणि मीठ विटेत साठत राहतं. म्हणजे ओल आणि मीठ दोन्ही एकाच वाफ्यातून.

त्यामुळे प्लॅन बदलला. लगेच गिलावा खरवडून नवा करायचं ठरत होतं, ते रद्द. आहे तोच गिलावा पुढचा उन्हाळाभर राहू दे, जेवढं मीठ ओढायचं तेवढं ओढू दे, नंतर तोच काढून टाकू. तोपर्यंत कोरड्या मऊ ब्रशने झाडायचं, पाण्याने अजिबात धुवायचं नाही (धुतलं की मीठ विरघळून परत आत), आणि खाली कागद धरून पीठ गोळा करून कचऱ्यात, बागेत नाही. वेलबुट्टीच्या पट्ट्याच्या खालच्या हातभर भागावर कागदाचा लगदा आणि चिनी माती डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून मीठ ओढून घ्यायला लेप लावायचा, वाळला की सोलून काढायचा. आधी कोपऱ्यात करून बघू. ड्रिप आजच बंद केलंय. बाकीचा मोगरा जानेवारीअखेर छाटणीच्या वेळी हलवायचा, तसंही तेव्हा त्याचं पाणी तोडतोच, आणि माईंनी त्याच्यासाठी तुळशीपलीकडची जागा स्वतः निवडली आहे.

हे टाइप करता करता सुचतंय, गटार विहिरीला मिळायच्या आधी गाळ बसायला एक छोटी कुंडी बांधली पाहिजे, आणि पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर वळवायला एक फळी. मग पावसाचं गोडं पाणी विहिरीत उतरेल आणि टीडीएस कदाचित खाली येईल. लॅबवाल्या काकांना आत्ताच मेसेज करते, आतापासून दर महिन्याचं रीडिंग लिहून ठेवायला हवं, नाहीतर पावसाळ्यानंतर तुलना कशाशी करणार.

गिलाव्यासाठी ठेवलेली रक्कम गटाराकडे वळवायला ट्रस्टींनी हो म्हटलंय आणि टाइल्सचा विषय नानासाहेबांनी आपणहून मागे घेतला. आता अडलंय ते एवढ्यावरच की गटाराचे चार घडीव दगड फुटलेत. सिमेंटचे तुकडे मला तिथे नको आहेत. दांडिया बाजार किंवा मांडवीच्या बाजूला कोणाचं जुनं घर उतरवत असतील आणि तसे दगड निघत असतील तर कळवा, येऊन माप घेऊन जाऊ.