आजींची पेन्शन आणि लेकीचा पासपोर्ट

माझी धाकटी मुलगी जन्मतःच जर्मन नागरिक झाली. सोलापुरात जन्मलेला तिचा थोरला भाऊ मात्र अजून भारतीय पासपोर्टवर आहे. आई-वडिलांपैकी एकाचे येथे पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झालेले असेल आणि त्याच्याकडे कायम निवासाचा परवाना असेल, तर येथे जन्मणाऱ्या बाळाला नागरिकत्व आपोआप मिळते. जून २०२४ पर्यंत हीच मुदत आठ वर्षांची होती. म्हणजे ती थोडी आधी जन्मली असती, तर तिलाही भावाच्याच रांगेत उभे राहावे लागले असते.

ही बातमी ऐकून आमच्या मजल्यावरच्या आजींनी तोंडभरून अभिनंदन केले आणि लगोलग स्वतःच्या पेन्शनचे गाऱ्हाणे सुरू केले. आम्ही राहतो ते पूर्व जर्मनीतले केमनिट्स एके काळी कापडगिरण्यांमुळे ‘सॅक्सनीचे मँचेस्टर’ म्हणवून घेत असे, आणि अशी बिरुदे मिरवणाऱ्या शहरांचे पुढे काय होते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. आजी सूतगिरणीत होत्या. १९९० च्या जर्मन एकीकरणानंतर पूर्वेकडील गिरण्या एकापाठोपाठ बंद पडल्या, त्यांत त्यांचीही गेली. त्यांचे दुःख असे की, पूर्वेकडच्या कामगाराच्या पेन्शनचा हिशेब पश्चिमेपेक्षा कमी दराने होत राहिला आणि दोन्ही दर सारखे व्हायला जुलै २०२३ उजाडावा लागला. गाऱ्हाणे खरे आहे. त्या पेन्शनीत आजींचे स्वतंत्र घर चालते, आरोग्य विमा आहे, वर्षातून एकदा त्या समुद्रकिनारीही जातात, आणि तरीही दर भेटीत मला तेच ऐकावे लागते, याचा मला वाजवीपेक्षा जास्त राग येतो, हेही खरे आहे.

कारण मला आमच्या गल्लीतले काका आठवतात. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून सोलापूरने गिरण्या उभ्या राहताना पाहिल्या तशा बंद पडतानाही पाहिल्या. काकांची गिरणी बंद पडली, तेव्हा त्यांच्या हातात कसब सोडून काही उरले नाही. पुढे ते सोलापूरच्याच पूर्व भागात दुसऱ्याच्या यंत्रमागावर रोजंदारीने राबले. काकू घरी बिड्या वळत. पाने भिजवून कापायची, मजुरी हजार बिड्यांमागे आणि खराब ठरवलेल्या बिड्यांचे कष्ट फुकट. कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे, आणि काकांना त्या आकड्याच्या आसपासच मिळते. आजींनी आणि काकांनी सुताशी सारखीच झटापट केली; फरक पडला तो पाळणा कोठे हलला याचा.

देशादेशांतील सरासरी उत्पन्न आणि तेथील विषमता या दोनच गोष्टींवरून जगातील उत्पन्नाच्या तफावतीचा निम्म्याहून अधिक उलगडा होतो, असे अर्थतज्ज्ञ ब्रँको मिलानोविच यांनी दाखवले आहे. मला हे पटते, पण पूर्णपणे नाही. मी रात्री जागून अभ्यास केला, जर्मन शिकलो, कर्ज फेडले. ते सगळे नशिबाच्या खात्यावर कसे टाकायचे? मात्र काकांचा मुलगा गणितात माझ्यापेक्षा सरस होता आणि बारावीनंतर त्याला मागावर बसावे लागले. माझे वडील पगारदार होते. सोलापुरातल्या सोलापुरात, दोन घरांच्या अंतरावर, हा निकाल आमच्या जन्माआधीच लागलेला होता.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, ते जखमी सैनिकांवर उपचार करायला, असे कोणी मला सुनावू नये. मी पोटासाठी आलो, आणि काकांच्या नातीची फी दर वर्षी न चुकता पाठवतो. एवढ्याने ऋण फिटत नाही, हे मला कळते. परंतु परत येऊन ते अधिक फिटेल, असेही मला वाटत नाही.

सध्या लेकीच्या ओसीआय कार्डाची, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते त्या कार्डाची, खटपट चालू आहे. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नसले, तरी या कार्डावर तिला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला आयुष्यभर व्हिसाशिवाय जाता येईल. तिच्या आजी-आजोबांना मात्र तिला पाहायला येण्यासाठी बँकेचे उतारे, ३०,००० युरोंचा विमा आणि परत जाण्याची हमी दाखवावी लागते, आणि तेवढे करूनही मुक्काम फार तर नव्वद दिवसांचा.