रिपोर्ट आता मशीन वाचतंय आणि कंपन्यांना ते माहितीये

अकाउंटिंगमधे रिसर्च करतात म्हणजे नक्की काय करतात, डेबिट क्रेडिटमधे अजून शोधायचं काय राहिलंय, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी हल्ली त्यांना एकच पेपर वाचायला देते. शॉन काओ हे अमेरिकेतले अकाउंटिंगचे प्राध्यापक, त्यांनी वेई जियांग, बाओझोंग यांग आणि ॲलन झँग यांच्याबरोबर केलेलं काम आहे. प्रश्न साधा आहे, आपला रिपोर्ट माणसाआधी कॉम्प्युटर वाचणार हे कंपनीला माहिती असेल तर ती लिहिताना काय बदलते?

तिकडे कंपन्यांचे रिपोर्ट एसईसीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या शेअरबाजार नियामकाच्या, एडगर साइटवर येतात आणि कुठल्या आयपी ॲड्रेसवरून (म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून) काय डाउनलोड झालं त्याचा लॉगही अभ्यासकांना मिळतो. एकच आयपी दिवसात 50 पेक्षा जास्त कंपन्यांचे रिपोर्ट उतरवत असेल तर तो प्रोग्राम धरायचा. अशी मशीनची डाउनलोड्स 2003 मधे साधारण 3 लाख 60 हजार होती, 2016 मधे साडेसोळा कोटींच्या आसपास!

पण मला खरं आवडलं ते पुढचं. रिपोर्टचा सूर निगेटिव्ह आहे का हे मोजायला आधी हार्वर्डची एक जनरल शब्दयादी वापरायचे, तिच्यात टॅक्स, कॉस्ट, लायबिलिटी हे सगळे निगेटिव्ह! ताळेबंदात लायबिलिटी, म्हणजे देणी, असणारच ना. म्हणून 2011 मधे लॉफ्रन आणि मॅकडॉनल्ड या दोघांनी खास फायनान्ससाठी वेगळी यादी छापली, आणि ट्रेडिंगचे प्रोग्राम ती वापरायला लागले. आता गंमत बघा, ज्या कंपन्यांचे रिपोर्ट मशीन जास्त वाचतं त्यांनी 2011 नंतर नेमके या नव्या यादीतले निगेटिव्ह शब्द कमी केले, जुन्या हार्वर्ड यादीतल्या शब्दांच्या बाबतीत तसं काही झालं नाही, आणि 2011 च्या आधी मशीन जास्त वाचतं त्या आणि कमी वाचतं त्या कंपन्यांमधे असा फरक दिसत नव्हता. म्हणजे धंदा सुधारला म्हणून भाषा गोड झाली असं म्हणायला फारशी जागाच उरत नाही. इतकी स्वच्छ तुलना आमच्या विषयात क्वचित मिळते, वर्गात मी याच्यावर पूर्ण तास घालवते.

आवाजाचंही तेच. कॉन्कॉलचा, म्हणजे निकालानंतर मॅनेजमेंट गुंतवणूकदारांशी फोनवर बोलतं त्याचा, ऑडिओ सॉफ्टवेअर ऐकतं हे कळल्यावर अशा कंपन्यांचे मॅनेजर जास्त पॉझिटिव्ह, जास्त उत्साही सुरात बोलायला लागले. टेबलं पण मशीनला सहज वाचता येतील अशी मांडायला लागले, त्याला माझी काही हरकत नाही, उलट बरंच आहे.

मला काळजी वाटते ती साध्या शेअरहोल्डरची. ॲन्युअल रिपोर्ट हा मालकाला दिलेला हिशोब असतो, त्यात वाईट बातमी वाईट वाटेल अशा शब्दात लिहिणं हे मॅनेजमेंटचं काम आहे. शब्द घासूनपुसून गुळगुळीत केले की प्रोग्राम फसेल किंवा नवा प्रोग्राम येईल, तो त्यांचा खेळ, पण तोच रिपोर्ट साताऱ्यातला एखादा रिटायर्ड माणूस पण वाचतो आणि त्याच्या हातात ते फिके शब्दच पडतात. म्हणून मी सांगते की चेअरमनच्या पत्राआधी कॅश फ्लो बघा, मग हिशोबाखालच्या नोट्स, रिलेटेड पार्टी (कंपनीच्या जवळच्या लोकांशी झालेले व्यवहार), कंटिंजंट लायबिलिटी (पुढे कदाचित द्यावी लागतील अशी देणी), आणि मागच्या वर्षीचा रिपोर्ट शेजारी उघडून कुठलं वाक्य गायब झालंय ते शोधा.

आपल्याकडच्या रिपोर्टांवर असं काम मराठी मुलामुलींनी करावं असं मला मनापासून वाटतं. बीएसईच्या साइटवर वर्षानुवर्षांचे रिपोर्ट फुकट आहेत, मोठ्या कंपन्यांच्या कॉन्कॉलची रेकॉर्डिंग पण मिळतात, थोडं पायथन हे प्रोग्रामिंग शिकावं लागेल एवढंच. एमकॉम किंवा पीएचडीला कुणी विषय शोधत असेल तर कमेंटमधे लिहा, सुरुवात कुठून करायची ते बोलू.