आजींचा आठवडा

रविवारी रात्री उशिरा घरी आलो, तर दाराच्या मुठीला एक पाटी लटकत होती. लाकडी, तळहाताएवढी, जाड दोऱ्याला बांधलेली. वर एकच शब्द: केरवोखं. स्टुटगार्टच्या त्या घरात राहायला येऊन आम्हाला जेमतेम नऊ दिवस झाले होते. नव्या भाडेकरूंच्या स्वागताला कुणीतरी काहीतरी अडकवून गेलं, असंच मला वाटलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने ऑफिसात विचारलं तेव्हा उलगडा झाला. या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची होती.

जर्मनमध्ये 'केरेन' म्हणजे झाडणं आणि 'वोखं' म्हणजे आठवडा. केर काढायचा आठवडा! दोन भाषांचा हा योगायोगच, पण मराठी माणसाला हा शब्द पाठ करावा लागत नाही. रीत मात्र आख्ख्या जर्मनीची नाही, ती इथल्या श्वाबेन भागाची. १४९२ साली काउंट एबरहार्डने स्टुटगार्टसाठी फर्मान काढलं, की दर आठवड्याला ज्याने त्याने आपला उकिरडा उचलून बाहेर न्यावा. तिथून ही परंपरा मोजतात. १९८८ मध्ये महापौर मान्फ्रेड रोमेल यांच्या काळात शहराने आपल्या बाजूची सक्ती उठवली. पण सक्ती गेली तरी पाटी राहिली, कारण ती भाडेकरारात आणि घराच्या नियमावलीत लिहिलेली असते. छोटं केरवोखं म्हणजे आपल्या मजल्याचा जिना आणि पॅसेज, ते एका मजल्यावरच्या घरांनी आलटून पालटून करायचं. मोठं केरवोखं म्हणजे तळघर, प्रवेशदार, पुढचा फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फ. ते सगळ्या घरांत फिरतं.

आमच्या मजल्यावर दोनच घरं. एकात आम्ही आणि समोर एक्याऐंशी वर्षांच्या आजी.

एक कबुली देते. मी डोंबिवलीत सत्तावीस वर्षं राहिले, पण सोसायटीचा जिना एकदाही झाडला नाही. एक मावशी यायच्या. त्यांचं नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आम्ही त्यांना 'जिनेवाल्या मावशी' म्हणायचो. जिना पुसलेला असायचा, आम्ही त्यावरून चढायचो. एवढाच आमचा आणि त्या जिन्याचा संबंध.

म्हणून पहिल्याच शुक्रवारी मी जीव ओतून काम केलं. झाडून घेतलं, मग बादलीभर पाणी घेऊन आपण अंगण धुतो तशा पायऱ्या धुतल्या. शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात आजी. 'ग्र्यूस गॉट,' म्हणाल्या, हा इकडचा नमस्कार. मग एका हाताने दाराची चौकट धरून त्या हळूहळू वाकल्या आणि त्यांनी माझं पायपुसणं उचललं. खाली धुळीचा नीट आखल्यासारखा चौकोन होता. त्यांनी तो मला दाखवला. पायपुसणं जागेवर ठेवलं. मग पायऱ्यांकडे बोट केलं. जिना शंभर वर्षांपूर्वीच्या लाकडाचा आहे, पाणी ओतलं की फळ्या फुगतात. फडका 'नेबेलफॉइश्ट' हवा, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी शब्दकोश उघडला. धुक्याइतका ओला.

आज तो शब्द मला फार आवडतो. त्या दिवशी मात्र डोळ्यांत पाणी आलं होतं. ना नाव विचारलं, ना कुठून आलात म्हणाल्या, थेट पायपुसणं उचललं. आईला फोन करून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण एवढ्या वयात ती बाई खाली वाकली कशी?"



फेब्रुवारीत आईचं ऑपरेशन अचानक ठरलं आणि मी दुसऱ्याच रात्री विमानात बसले. पाटी, पाळी, काहीही डोक्यात नव्हतं. तीन आठवड्यांनी परत आले, तर दाराला चौकडीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. जर्मन लोक वर्षातले आठवडे क्रमांकाने मोजतात. ऑफिसची मीटिंगही 'चौदाव्या आठवड्यात' असते. चिठ्ठीत लिहिलं होतं: आठवडा ७ तुमचा, मी केला. आठवडा ९ तुमचा, मी केला. आठवडा १० माझा, तुम्ही करा. आठवडा १२ माझा, तुम्ही करा. खाली सही.

आई कशी आहे, हा प्रश्न त्यात नव्हता. मला ते लागलं. आपल्याकडे शेजारीण असं काही करते तेव्हा 'एवढं काय त्यात' म्हणते आणि विषय संपवते. हिशेब मांडला की केलेलं वाया गेलं असंच आपण समजतो. तरीही मी आईने दिलेल्या तिळाच्या वड्या डब्यात भरून आजींना दिल्या. त्यांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या, आभार मानले. दुसऱ्या दिवशी डबा माझ्या पायपुसण्यावर होता. धुतलेला, पुसलेला, रिकामा. आमच्या घरी डबा कधी रिकामा परत जात नाही. काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालतात. तो डबा हातात घेऊन मी बराच वेळ दारात उभी होते.

दहावा आणि बारावा आठवडा मी केला. फडका धुक्याइतका ओला. आजी एकदा बाहेर येऊन पाहून गेल्या, बोलल्या काहीच नाहीत. श्वाबेनमध्ये म्हणतात, रागावलं नाही म्हणजे कौतुक झालंच.

पुढच्या शरद ऋतूत आजींचा गुडघा गेला. त्या कठडा धरून उलट्या, पाठमोऱ्या जिना उतरायला लागल्या. मला बघवेना. आपल्याकडे अशा वेळी कुणी विचारत बसत नाही, सरळ हातातला झाडू काढून घेतात. त्यांच्या आठवड्यात गुरुवारी त्या डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा मी अख्खा जिना झाडला, पुसला, कठड्याचे गज एकेक करून पुसले, खिडकीच्या कडेची धूळ काढली. पायपुसणी उचलून त्यांच्याखालीसुद्धा.

त्या परत आल्या. मी आतून त्यांची काठी ऐकत होते. काठी पहिल्याच वळणावर थांबली. मग पुन्हा वर, आणि माझी बेल.

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा मी कधीच न पाहिलेला, पडलेला होता. "हा माझा आठवडा होता," त्या म्हणाल्या. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, तुमचा गुडघा दुखतो, मला काही जड नाही, यापुढे मीच करत जाईन. त्यांनी मान हलवली. "इख बिन नोख दा."

मी अजून आहे.

आणि दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी जिन्यातून बादलीचा आवाज आला. कडी किणकिणायची, बादली टेकायची, मग फडक्याचा ओला घासल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. पुन्हा कडी. आजी स्वच्छ जिना पुन्हा पुसत होत्या, एकेक पायरी. सतरा पायऱ्यांना पाऊण तास लागला. मी दाराच्या आत उभी राहून तो सगळा वेळ ऐकला. बाहेर जाऊन मदत करता येत नव्हती आणि आत बसवतही नव्हतं. 'मी करते, तुम्ही राहू द्या' हे वाक्य मी आयुष्यभर प्रेमानेच म्हणत आले. समोरच्या माणसाकडून त्यात काय काढून घेतलं जातं, ते मला त्या बादलीने ऐकवलं. फेब्रुवारीतल्या त्या चिठ्ठीचा रागही तेव्हाच गेला. आजींनी माझी पाळी केली ती उसनी म्हणून, आणि मला फेडू दिली. मी त्यांना फेडायची सोयच ठेवली नव्हती.

आठवडाभराने मी चौकडीचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यावर लिहिलं होतं: छोटं केरवोखं ज्याचं त्याने. मोठ्या केरवोख्यातला तुमच्या पाळीचा बर्फ मी काढीन. त्याबदल्यात माझी पार्सलं तुम्ही घ्या. आजींनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला. पार्सलं आणि बर्फ, जुळत नाही म्हणाल्या. बर्फ जास्त जड. मग पेन घेऊन त्यांनी स्वतः एक ओळ वाढवली: सरकारी पत्रं वाचून समजावून देणं. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचे गठ्ठे त्यांनी टपालपेटीत पाहिले असणार. खाली दोघींच्या सह्या.

आजही त्या मला 'झी' म्हणजे 'अहो-जाहो' करतात. 'दू' म्हणजे 'तू' म्हणायची परवानगी वयाने मोठ्या माणसाने द्यायची असते, ती अजून मिळालेली नाही. मी मनात आजी म्हणते आणि तोंडाने फ्राऊ लावून आडनाव.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. फुटपाथ सातच्या आत मोकळा व्हायला हवा, म्हणून साडेसहाला अंधारात फावडं घेऊन मी खाली उतरले. मीठ टाकायला आमच्या नियमावलीत बंदी आहे, बारीक खडी पसरायची. अर्धं काम झालं तेव्हा दुसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. आजी गाऊनवर शाल घेऊन उभ्या. त्यांनी हात बाहेर काढून कचऱ्याच्या डब्यामागचा कोपरा दाखवला. तो राहिला होता. मी तो काढला, वर पाहिलं. खिडकी बंद झाली.

दुपारी कर खात्याचं चार पानी पत्र घेऊन मी समोर गेले. दार उघडंच होतं, आणि टेबलावर चष्मा काढून ठेवलेला होता.