किगालीचे चढ: सायकल घेऊन जाणाऱ्यांसाठी चार दिवसांचा वृत्तांत

रवांडाला सायकल घेऊन निघताना पहिली अडचण चढाची नसते, पॅकिंगची असते. या देशात २००८पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतात. सायकल खोक्यात भरताना हात आपसूक पॉलिथिन आणि बबलरॅपकडे जातो, तो आवरायचा. फ्रेमच्या नळ्यांना पाइपवर चढवतात तो फोम, बांधायला कापडी पट्ट्या, चेनला जुना टॉवेल आणि सुट्या भागांना कापडी पिशवी, एवढ्यात काम भागतं. मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, हँगरवरून म्हणजे तो ज्या छोट्या पट्टीवर बसतो तिच्यावरून सोडवून चेनसकट फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात बांधावा. खोकं आदळलं की पहिला वाकतो तो हँगर, आणि प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. आपल्या फ्रेमचा किगालीत मिळेल या भरवशावर राहू नये, एक जास्तीचा न्यावा. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या फटीत स्पेसर घालायला विसरू नये. वाटेत लिव्हर दाबली गेली की पिस्टन पुढे येतात आणि मग रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, आतच जात नाही. चाकात हवा भरायला साधा हातपंप बरा, गॅसच्या नळकांड्यांवरून विमानतळावर वाद होतात.

किगालीच का, हे वेगळं सांगायला नको. २१ ते २८ सप्टेंबर २०२५ या आठवड्यात रोड सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथे झाली, आफ्रिकेत पहिल्यांदाच. व्यावसायिकांची पहिली जागतिक शर्यत १९२७ साली जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला झाली होती. तिथून इथवर यायला ९८ वर्षं लागली. शर्यत संपली, पण चढ आहेत तिथेच आहेत, आणि ते कोणालाही चढता येतात.

व्हिसाचा त्रास नाही. रवांडा सगळ्याच देशांच्या नागरिकांना विमानतळावर उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा देतो, राष्ट्रकुल आणि आफ्रिकन संघातल्या देशांच्या नागरिकांना शुल्कही माफ आहे. पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र त्या रोगाचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्यांना लागतं, म्हणून विमान कुठे बदलणार आहात आणि तिथे किती तास थांबणार आहात ते आधी बघावं. चलन रवांडन फ्रँक. डॉलर नेणार असाल तर नोटा नव्या आणि न फाटलेल्या असाव्यात. मुक्काम किमिहुरुरा किंवा काचिरू भागात घेतला तर शर्यतीची सुरुवात-शेवट जिथे झाला ते किगाली कन्व्हेन्शन सेंटर, म्हणजे सगळे म्हणतात ते केसीसी, अगदी जवळ पडतं. विमानतळही तिथून फार लांब नाही.

वाहतूक उजव्या बाजूने चालते. डावीकडून चालवायची सवय असलेल्यांनी पहिली सकाळ फक्त चौकांना द्यावी. सरळ रस्त्यावर चूक होत नाही, होते ती गोल चक्करमध्ये शिरताना आणि डावीकडे वळताना. शहर विषुववृत्ताच्या दोन अंश दक्षिणेला, त्यामुळे वर्षभर उजाडतं सहाच्या सुमारास आणि मावळतंही सहाच्याच सुमारास. उजाडताच निघावं. आठनंतर मोटोंची म्हणजे मोटरसायकल टॅक्सींची गर्दी होते आणि चढावर ट्रकचा धूर तोंडात जातो. महिन्यातल्या ठरावीक रविवारी सकाळी मुख्य रस्ते गाड्यांना बंद असतात. ती तारीख साधता आली तर शहरातली फेरी त्याच दिवशी मारावी. महिन्याचा शेवटचा शनिवार मात्र उमुगांडाचा, सामूहिक श्रमदानाचा. सकाळी आठ ते अकरा दुकानं बंद, गाड्या बंद. रस्ता मोकळा दिसतो म्हणून सायकल काढायचा मोह होतो, पण पोलीस थांबवून विचारू शकतात. तो दिवस हात-पाय सैल सोडायला ठेवावा.

पहिले दोन दिवस शहरातल्या १५.१ किलोमीटरच्या फेरीसाठी. केसीसीवरून गिशुशु, तिथून न्यारुतारामा, मग गोल्फ कोर्सचा चढ: ८०० मीटर, सरासरी ८.१ टक्के. तो डांबरी आहे आणि फसवा आहे. आधीच्या उतारावरचा वेग चढाच्या पहिल्या १०० मीटरपर्यंत पुरतो, मग एकदम संपतो. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी खाली आणावा. ताण आल्यावर बदलायला गेलं की चेन अडखळते. फेरीच्या शेवटी किमिहुरुराचा चढ, स्थानिक लोक ज्याला क्वा मिन्यों म्हणतात तो: १.३ किलोमीटर, ६.३ टक्के, दगडी फरसबंदीचा. आकडा साधा वाटतो, पण फरसबंदीवर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक सुटतं. बसूनच चढावा, हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर, कोपर सैल. याच चढावर जागतिक स्पर्धेच्या वैयक्तिक टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायच्या शर्यतीत, बेल्जियमच्या रेम्को इव्हनेपूलने अडीच मिनिटं आधी सुटलेल्या स्लोव्हेनियाच्या तादेइ पोगाचारला गाठून मागे टाकलं होतं.

टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नसावेत, ३० किंवा ३२ असतील तर उत्तम. ७० किलोच्या माणसाने २८च्या ट्यूबलेसमध्ये साडेचार बारच्या आसपास हवा ठेवावी. डांबरावर जरा जड वाटेल, दगडांवर वाचवेल. सीटपोस्टच्या म्हणजे सीट धरणाऱ्या दांडीच्या क्लॅम्पकडे खास लक्ष द्यावं. त्यावर लिहिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळावा, कार्बन असेल तर पेस्ट लावून, आणि पोस्टवर टेपची एक खूण करून ठेवावी. मुख्य शर्यतीत इव्हनेपूलचं चाक खड्ड्यात आपटल्यावर सीट हलली आणि त्यापायी त्याला सायकली बदलाव्या लागल्या. मागे गाडीत जास्तीची सायकल घेऊन कोणी येत नसेल तर षट्कोनी पान्यांचा संच खिशात हवा.

उंची साधारण दीड हजार मीटर. हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते, त्यामुळे सपाटीवर आणि उतारावर सायकल नेहमीपेक्षा जास्त पळते आणि माणसाला वाटतं आपण तयारीत आहोत. चढावर मात्र तेवढ्याच धापेत शक्ती कमी निघते. पहिले दोन दिवस नेहमीच्या वॉटपेक्षा, म्हणजे पेडलवर लावता त्या शक्तीपेक्षा, दहा टक्के खालीच राहावं, नाहीतर तिसऱ्या दिवशी पाय साथ सोडतात.

तिसरा दिवस मोठ्या वळशाचा. पुरुषांच्या शर्यतीत आधी शहराच्या नऊ फेऱ्या, मग हा वळसा, मग परत सहा फेऱ्या अशी रचना होती: एकूण २६७.५ किलोमीटर आणि ५,४७५ मीटर चढ. म्हणजे दर किलोमीटरला सरासरी २० मीटर. वळशातला मोठा चढ माउंट किगाली, ५.९ किलोमीटर आणि ६.९ टक्के. ७० किलोचा माणूस, ९ किलोची सायकल आणि २०० वॉट धरले तर वर पोचायला अर्धा तास लागतो. पोगाचारने शर्यत इथेच फोडली, १०४ किलोमीटर बाकी असताना. पुढे ६६ किलोमीटर उरलेले असताना तो एकटाच निघून गेला. त्या दिवशी १६५ जण सुटले आणि ३० जण पोचले. हा आकडा डोक्यात ठेवून माउंट किगालीच्या पायथ्याशी उभं राहिलं की घाई आपोआप कमी होते.

उतरल्यावर न्यामिरांबोच्या बाजूला क्वा मुत्वेची भिंत: ४०० मीटर, ११ टक्के, पुन्हा दगडी. इथे गिअरचं गणित आधीच करून जावं. २०० वॉटला वेग तासाला ८ किलोमीटरच्या जरा खाली पडतो. पुढे पेडलपाशी ३४ दातांची चेनरिंग आणि मागच्या चाकावर ३४ दातांचा स्प्रॉकेट असेल तर पाय मिनिटाला साठेक वेळा फिरतात, जमतं. जुन्या धाटणीची ३९ आणि २८ अशी जोडी असेल तर तोच आकडा ४४वर येतो आणि फरसबंदीवर ४४ म्हणजे प्रत्येक दगड गुडघ्यात. तीन मिनिटांचा चढ आहे, थांबलात तर पुन्हा सुटायला जमत नाही. मध्येच उतरायची वेळ आलीच तर डाव्या-उजव्या कडेचं गटार सांभाळावं. पावसात ही भिंत सोडून द्यावी, ओले दगड साबणासारखे होतात. मार्च ते मे मोठा पावसाळा, ऑक्टोबर-नोव्हेंबर धाकटा. जून ते ऑगस्ट सर्वांत कोरडं.

या भिंतीच्या माथ्यावर दम खाताना एक प्रश्न हमखास निघतो: ही स्पर्धा इथे आलीच कशी? उत्तर निम्मं भूगोलात आहे आणि निम्मं मतपेटीत. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ, म्हणजे यूसीआय, १४ एप्रिल १९०० रोजी पॅरिसमध्ये बेल्जियम, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड आणि अमेरिका यांच्या संघटनांनी मिळून काढला. खेळ युरोपाचा, पैसाही बहुतेक युरोपाचा. अध्यक्ष मात्र खंडांच्या मतांवर ठरतो. २०१७ साली नॉर्वेतल्या बर्गनच्या अधिवेशनात ४५ मतं होती: युरोपची १५, आफ्रिका, आशिया आणि अमेरिका यांची प्रत्येकी ९, ओशेनियाची ३. फ्रान्सचे दाविद लापार्तियां ३७ विरुद्ध ८ असे तेव्हाचे अध्यक्ष ब्रायन कुकसन यांना हरवून अध्यक्षपदी आले. युरोपची सगळी मतं एका बाजूला पडली तरी पुरत नाहीत, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. २०२१मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेनच्या अधिवेशनावेळी किगालीचं नाव जाहीर झालं. यजमानपदाच्या चढाओढीत मोरोक्कोचं टँजियरही होतं, म्हणजे २०२५ आफ्रिकेलाच जाणार हे आधीच ठरलेलं. २५ सप्टेंबर २०२५ला याच शहरात लापार्तियां तिसऱ्यांदा निवडून आले, समोर उमेदवारच नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदासाठी ते उभे होते तेव्हा त्यांना ४ मतं पडली होती. एका खोलीत बिनविरोध असलेला माणूस दुसऱ्या खोलीत चार मतांवर थांबतो.

म्हणून हा सगळा मतांचा बाजार होता असं म्हणायचं का? तसं म्हणणं सोपं आहे आणि अपुरं आहे. यूसीआयने खेळ बाहेर नेण्याचे प्रयत्न आधीही केले. २०११ ते २०१४ बीजिंगची शर्यत त्यांच्याच कंपनीने भरवली आणि ती चार वर्षांत बंद पडली. २०१६ची जागतिक स्पर्धा दोहाला झाली, तिथे रस्ते गुळगुळीत होते आणि कडेला माणसं नव्हती. किगालीत आधी माणसं होती. टूर ऑफ रवांडा ही टप्प्याटप्प्यांची शर्यत १९८८पासून आहे, २००९पासून यूसीआयच्या कॅलेंडरवर आणि २०१९पासून वरच्या वर्गात. लोकांना शर्यत कशी बघायची ते शिकवावं लागलं नाही. फरक इथे पडतो.

त्याची दुसरी बाजूही तिथेच दिसली. फेब्रुवारी २०२५मध्ये पूर्व काँगोतल्या युद्धातल्या रवांडाच्या भूमिकेवरून युरोपीय संसदेने, रवांडाने धोरण बदललं नाही तर स्पर्धा रद्द करावी, असा ठराव केला, यूसीआयने पर्यायी जागा नाही असं सांगून तो बाजूला सारला. खर्च परवडत नाही म्हणून काही श्रीमंत युरोपीय महासंघांनी ज्युनिअर आणि २३ वर्षांखालचे संघ पाठवलेच नाहीत. एका आठवड्यासाठीचं विमानभाडं त्यांना जड गेलं. आफ्रिकन सायकलपटू हेच विमानभाडं आणि वर व्हिसाच्या रांगा वर्षानुवर्षं सोसत आले आहेत. एरिट्रियाचा बिनियम गिरमाय स्वित्झर्लंडमधल्या एग्लला, यूसीआयच्या मुख्यालयातल्या केंद्रात शिकला. २०२४च्या टूर द फ्रान्समध्ये त्याने तीन टप्पे आणि सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याची हिरवी जर्सी जिंकली. महासंघाच्या जागतिकीकरणाचं मोजमाप करायचं तर पोडियमपेक्षा अशी किती मुलं एग्लपर्यंत पोचतात यावर करावं.

शर्यत बघायला जायचं असेल तर आता टूर ऑफ रवांडा, साधारण फेब्रुवारीअखेरीस. रस्त्याच्या कडेला उभं राहायला तिकीट नाही. शहरात शेवट असलेल्या टप्प्याला किमिहुरुराच्या वरच्या वळणावर दोन तास आधी पोचावं. रस्ता बंद झाल्यावर मोटो तिथवर येत नाही, शेवटचा चढ पायीच. मोटोवर बसताना हेल्मेट मागून घ्यावं, मागच्यालाही ते सक्तीचं आहे, आणि भाडं आधी ठरवावं.

चौथा दिवस मुसांझेच्या रस्त्याला द्यावा. पूर्ण अंतर १०० किलोमीटरच्या आसपास आहे, एका दिवसात जाऊन येण्यासारखं नाही. सकाळी निघून पहिला लांब चढ चढावा आणि तिथूनच परत फिरावं. या रस्त्यावर बटाट्याची पोती लादलेल्या सायकली ट्रकच्या मागच्या दांड्याला धरून चढतात आणि उतारावर तुमच्या शेजारून सुटतात, ब्रेक बहुतेक चपलेचा. त्यांना आतली बाजू द्यावी. तुमचे ब्रेक पॅड निघण्याआधी बघून घ्यावेत. दीड मिलिमीटरपेक्षा कमी मसाला उरला असेल तर आदल्या रात्रीच बदलावेत, कारण परतीचा उतार लांब आहे आणि वाटेत पॅड विकणारं दुकान नाही.