कर्म कुठे आहे?

दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका वर्गात दाखवण्याचा दिवस आमच्या शाळेत फार गोंगाटाचा असतो. बेरीज चुकली आहे काय, एखादे उत्तर तपासायचे राहून गेले आहे काय, याचा शोध घेताना मुले जी चिकाटी दाखवतात, तिच्या निम्मी जरी त्यांनी पेपर लिहिताना दाखवली तरी माझे अर्धे काम हलके होईल. म्हणूनच उत्तरपत्रिका हातात धरून कोणी टेबलाशी आले की मी आधी बेरीज पाहते. जानेवारीतील त्या सकाळी शेवटच्या बाकावरून उठून आलेल्या मुलीची बेरीज बरोबर होती. तिने बोट ठेवले ते एका गुणाच्या प्रश्नावर. ‘पुट आउट’ हा वाक्प्रयोग वापरून अर्थपूर्ण वाक्य तयार करा, असा तो प्रश्न होता आणि तिने लिहिले होते, ‘माय फादर पुट आउट बिफोर सनराइज.’ त्याखाली माझ्याच हातची लाल नागमोडी रेघ होती, पुढे शून्य होते आणि समासात ‘कर्म?’ असा शेरा होता.

तो शेरा मी का लिहिला हे सांगितले पाहिजे, कारण तेव्हा तो मला चोख वाटला होता. परिसरातील इंग्रजीच्या शिक्षकांनी मिळून काढलेल्या त्या प्रश्नपत्रिकेबरोबर नमुना उत्तरांचा एक तक्ता आला होता आणि त्यात ‘पुट आउट’ या शब्दांपुढे ‘विझवणे’ एवढेच लिहिलेले होते. विझवणे हे सकर्मक क्रियापद आहे. आग विझवतात, दिवा विझवतात, विडी विझवतात. नुसते ‘विझवले’ म्हटले की ऐकणारा ‘काय?’ असे विचारतो. वडिलांनी सूर्योदयापूर्वी विझवले, पण काय विझवले? कर्म नाही म्हणजे वाक्य अपुरे, असा हिशेब करून मी पुढच्या प्रश्नाकडे वळले होते. साठ-पासष्ट पेपर चार रात्रींत तपासणारी व्यक्ती एका गुणाच्या वाक्यावर याहून अधिक वेळ थांबत नाही, हे कबूल केलेले बरे.

“बाई, ह्याच्यात चूक काय आसा?” मुलीने विचारले. आवाजात तक्रार नव्हती. तिला खरोखरच कळले नव्हते. मी तिला वाक्याचा अर्थ विचारला, तेव्हा ती म्हणाली, “बाबा सकाळी होडी भायर घालतत मा, बाई. पुट म्हणजे घालणा, आउट म्हणजे भायर.”

आमची शाळा मालवणच्या किनाऱ्याजवळ आहे आणि वर्गातील निम्म्याहून अधिक मुले मासेमारी करणाऱ्या घरांतील आहेत. मी मात्र घाटावरून आलेली, बावीस वर्षे इथे राहूनही पाण्याला थोडी बिचकणारी. तिच्या उत्तरावर मला प्रथम हसू आले, कारण ज्या चुकीविरुद्ध मी नोकरीची सगळी वर्षे झगडते आहे तीच ही चूक आहे असे मला वाटले. क्रियापदाचा अर्थ अधिक अव्ययाचा अर्थ अशी बेरीज करून इंग्रजीतील ही जोडक्रियापदे कळत नाहीत, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. ‘पुट अप विथ’ म्हणजे ठेवणे, वर आणि सोबत नव्हे, तर सहन करणे. आपली उदाहरणे दिली की हे मुलांना लवकर पटते. पोटात घालणे म्हणजे पोटात काही ठेवणे नव्हे, क्षमा करणे होय. पाठीशी घालणे यात पाठीचा संबंध नावापुरताच असतो. आणि परक्या माणसाने नुसता ‘घालणे’ शब्द शिकून शिव्या, जाळे, आंघोळ, गोंधळ, जेवायला आणि जन्माला या सर्वांची वाट लावायचे ठरवले, तर त्याची जी त्रेधा उडेल तीच आपली ‘पुट’ आणि ‘गेट’ यांच्यापुढे उडते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘घालणे’ उघडून पाहावे, म्हणजे त्या साहेबाने किती घाम गाळला असेल याची कल्पना येते.

एवढे भाषण मी तिच्यापुढे केले. तिने ते शांतपणे ऐकले आणि उत्तरपत्रिका टेबलावरच ठेवून ती जागेवर जाऊन बसली. पेपर परत न नेणे ही आमच्याकडच्या मुलांची हरकत नोंदवण्याची रीत आहे.

मधल्या सुटीत मी ग्रंथालयातील मोठा इंग्रजी कोश काढला. पावसाळ्यातील दमटपणाने त्याची पाने एकमेकांना चिकटलेली असतात आणि ती पट्टीने सोडवावी लागतात, म्हणून तो सहसा कोणी काढत नाही. सगळे मोबाइलवर पाहतात, किंवा खरे सांगायचे तर गाईडमध्ये पाहतात. ‘पुट आउट’खाली विझवणे होतेच. हात पुढे करणे होते, निवेदन प्रसिद्ध करणे होते, एखाद्याची गैरसोय करणे होते, खांदा निखळणे होते. आणि त्या रांगेत बंदरातून किंवा किनाऱ्यावरून समुद्रात निघणे हाही अर्थ होता, अकर्मक म्हणून नोंदवलेला. होडी निघते किंवा होडीतील माणसे निघतात. कर्म लागतच नाही. ‘पुट’चे भूतकाळी रूपही ‘पुट’च असल्यामुळे ‘फादर’पुढे ‘एस’ का नाही, या शंकेलाही जागा उरत नव्हती. दर्यावर्दी इंग्रजीत हे क्रियापद किती घट्ट रुजले आहे ते त्याच पानांवर दिसत होते: बंदरात शिरणे म्हणजे ‘पुट इन’, समुद्रात निघणे म्हणजे ‘पुट टू सी’, मागे वळणे म्हणजे ‘पुट बॅक’. वाक्य निर्दोष होते. अपुरा होता तो आमचा तक्ता, आणि त्यावर विसंबून राहिलेली मी.

विझवण्याचा अर्थ ‘आउट’मध्ये कुठून आला, हे मी वर्गात नेहमी रंगवून सांगते, कारण इथे बेरीज चालत नाही पण अव्ययाचे वळण कळते. ‘आउट’ म्हणजे बाहेर, तसेच ‘आउट’ म्हणजे संपलेले. दिवा ‘गोज आउट’, एखादी जात ‘डाइज आउट’, साठा ‘रन्स आउट’. हेच ‘आउट’ पहिल्या अर्थाने होडीला दर्यात नेते आणि दुसऱ्या अर्थाने दिवा घालवते. गाईडवाले मात्र एका जोडक्रियापदापुढे एकच मराठी शब्द छापतात, मुले तो पाठ करतात, आणि पाठ केलेल्याला गुण देणे सोपे असल्यामुळे आम्हीही तेच विचारतो. गाईडला नावे ठेवणारी मी, तक्ता हातात आल्यावर गाईडसारखीच वागले.

शिक्षककक्षात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “तिला हा अर्थ माहीत होता का?” मी म्हटले, नव्हता, तिने मालवणीतून शब्दाला शब्द लावला. “मग अंदाजाने बरोबर आलेल्या उत्तराला गुण कसला?” त्यांचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नव्हते. चुकीच्या वाटेने बरोबर ठिकाणी पोहोचलेल्या माणसाला वाट माहीत होती असे म्हणावे काय? पण बोर्डाचा परीक्षक वाट तपासत नाही, वाक्य तपासतो. शिवाय ती वाट चुकीची होती असेही मला आता ठामपणे म्हणता येत नाही, कारण होडी बाहेर घालणे आणि ‘पुट आउट’ यांच्यामागे एकच कृती दिसते: काठावर उभे राहून पाण्याकडे ढकलणे. सहकाऱ्यांनी “एका गुणासाठी केवढा हा उपद्व्याप” असे म्हणून चहा मागवला. तक्ता करणाऱ्यांच्या गटात मी दुरुस्ती कळवली, तर त्यावर उत्तरादाखल एक अंगठा आला.

शेवटच्या तासाला मी त्या मुलीला बोलावले, शून्य खोडून एक गुण दिला आणि बदलापुढे सही केली. मग सहज विचारले, की विझवणे हा अर्थ मी वर्गात दोनदा सांगितला होता, तो तिला आठवला नव्हता काय? आठवत होता, असे ती म्हणाली. ‘माय मदर पुट आउट द लॅम्प’ हे वाक्य तिने आधी कच्चे लिहूनही पाहिले होते. उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर ते होते, एका आडव्या रेघेने खोडलेले. तपासताना ते माझ्या नजरेतून सुटले होते.

“मग खोडलेस का?”

ती थोडा वेळ खाली पाहत राहिली. “बाबा दर्यार आसताना ‘दिवो इजवलो’ म्हणान कसा लिवू, बाई?”

आपल्याकडे दिवा विझला म्हणत नाहीत, मालवला म्हणतात, हे मला ठाऊक होते. इंग्रजीला मात्र तो भेद करता येत नाही. एका गुणाचे हमखास उत्तर खोडून तिने खात्री नसलेले उत्तर लिहिले होते, आणि ते करताना ज्या होडीसाठी दिवा राखला तीच होडी वाक्यात आणली होती. सकाळच्या माझ्या भाषणात यातले काहीच बसत नव्हते.

बोर्डात हे वाक्य लिहिलेस तर शेवटी ‘टू सी’ जोड, म्हणजे कोणताही परीक्षक अडणार नाही, असे मी तिला सांगितले. तिने ते वहीत उतरवून घेतले, पण चेहऱ्यावरून ते तिला फारसे पटलेले दिसले नाही; होडी दर्याखेरीज दुसरीकडे कुठे जाणार, असाच बहुधा तिचा प्रश्न असावा.

पूर्वपरीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका आमची शाळा दरवर्षी जूनमध्ये रद्दीत घालते. बावीस वर्षांत अशा किती वाक्यांपुढे मी ‘कर्म?’ असे लिहिले, हे आता पाहता येणार नाही.